शेजारणीच्या भरवशावर

संघमित्राने फोन खांद्याने कानाशी धरला आणि गळ्याचा पांढरा बँड बांधत ती भोईवाडा कोर्टाच्या व्हरांड्यात, बाकाच्या टोकाला जाऊन उभी राहिली. फोन मुलाच्या शाळेतून होता. संघर्षला ताप भरला होता, वर्गातच उलटी झाली होती, कुणीतरी लगेच न्यायला या म्हणून बाई सांगत होत्या.

नवरा कामासाठी पुण्याला, सासूबाई गावी, आणि आत केस कुठल्याही क्षणी पुकारली जाणार. तिने घोडपदेवला, शेजारच्या चंपामावशींना फोन लावला.

"मावशी, संघर्षला शाळेतून आणाल का? अंग तापलंय त्याचं."

"जातंय गो!" मावशींचा मालवणी आवाज बाकावरच्या लोकांनाही ऐकू जावा इतका खणखणीत. "पेज भरवतंय, निजवतंय. तू तुझा काम कर."

तारीख मागता आली असती. समोरच्या बाजूचे वकील प्रफुल्ल कांबळे ना म्हणणारे नव्हते. आज मी तुझ्यासाठी, उद्या तू माझ्यासाठी, असाच तर वकिलांचा संसार चालतो. पण मुलाचं कारण सांगून तारीख घ्यायची नाही, हा संघमित्राचा नियम. पुरुष वकिलाचं पोर आजारी पडलं की चार जण पाठीवर हात ठेवतात. बाईचं पडलं की पुढची केस दुसऱ्याकडे जाते. त्यात आजची केस अशी, की हे कारण तोंडातून काढणं म्हणजे आपल्याच पायावर धोंडा.

तिचा अशील हितेंद्र. बायको रुपाली त्याच्यापासून वेगळी, शिवडीला राहणारी. आधी तिच्याजवळ असलेली सात वर्षांची मुलगी आता हितेंद्रकडे होती, आणि ती परत मिळावी म्हणून रुपाली कोर्टात आली होती. निकाल लागेपर्यंत पोर कुणाकडे राहणार, ते आज ठरायचं होतं.

केस पुकारली गेली. संघमित्रा उभी राहिली.

"साहेब, अर्जदार भाड्याच्या खोलीत एकट्या राहतात. सकाळी कामावर जातात, अंधार पडल्यावर येतात. मुलगी त्यांच्याकडे होती तेव्हा..."

ती थांबली. पुढचं वाक्य तिनेच परवा घासूनपुसून तयार केलं होतं. तिने बाटलीतल्या पाण्याचा एक घोट घेतला, झाकण नीट फिरवून लावलं.

"तेव्हा ती दिवसभर शेजारणीच्या भरवशावर असायची. आजारी पडली तरी शेजारीणच. याला आईचा सांभाळ म्हणायचं का, साहेब?"

चांगलं बोलली ती. इतक्या वर्षांत वाईट बोलायची सवयच राहिली नव्हती.

रुपाली झटकन आपल्या वकिलांकडे वाकली. प्रफुल्ल कांबळ्यांनी कान पुढे केला, "बोला ना, काय?" तिने एकदा संघमित्राकडे पाहिलं, मान हलवली आणि मागे सरून बसली.

मुलगी तूर्त वडिलांकडेच राहील, आईने रविवारी भेटावं, असा हुकूम झाला. हितेंद्रने हात जोडले.

"मॅडम, तुम्ही होतात म्हणून!"

संघमित्रा बाहेर आली तर रुपाली बाकावर बसलेली. हरलेल्या बाजूच्या शिव्याशाप वकिलाला नवे नसतात. खाली मान घालून ती पुढे निघाली, पण रुपाली उठलीच.

"मॅडम, मुलाचा ताप उतरला का?"

संघमित्राला मेल्याहून मेल्यासारखं झालं. म्हणजे मघाशी ही इथेच होती. हिने सगळं ऐकलं होतं. वकिलाच्या कानात एक शब्द टाकला असता, तर आपण भर कोर्टात तोंडावर पडलो असतो, आणि कदाचित पोर आज हिच्यासोबत घरी गेली असती.

"तुम्ही वकिलांना सांगितलं का नाही?"

"आजारी पोराला कुठं कोर्टात ओढायचं?" रुपालीने पदराने डोळे पुसले. "आता कसाय तो?"

संघमित्राने हातातल्या फोनकडे पाहिलं. हुकूम झाल्याबरोबर तिने पहिला मेसेज केला होता तो आपल्या सीनियरना, जिंकल्याचा.

"अजून विचारलं नाही," ती म्हणाली.

"मग विचारा की आधी," रुपाली म्हणाली, आणि परत बाकावर बसून, सरकून तिने जागा करून दिली.