चाळणीबाईंचा हरभरा

हरभरा संशोधन केंद्रात मॅडमना सगळे मागून ‘चाळणीबाई’ म्हणत, आणि त्यात खोटं काही नव्हतं. आठ वर्षं खपून त्यांनी एक वाण तयार केला होता. सगळी झाडं एका उंचीची, एकाच दिवशी फुलणारी, दाणे तर जणू चाळून घेतलेले. रांगेत एखादं रोप बुटकं, वाकडं किंवा काळ्या दाण्याचं निघालं की बाईंच्या कपाळाला आठी पडलीच म्हणून समजा. निंदणीच्या मावशींना हुकूम ठरलेला, “उपटा ते!”

यंदा मर रोगाच्या चाचणीत या गुणी वाणाने आठवडाभरात मान टाकली. मुद्दाम रोगट माती भरलेल्या साठ कुंड्या होत्या आणि साठही रोपं सुकली. जगली एकसारखी, मेलीही एकसारखीच. महिनाअखेर या रोगाला पुरून उरणारं एक तरी झाड दाखवलं नाही, तर प्रकल्पाला कुलूप लागणार होतं. बाई तिथेच मटकन बसल्या. डोळ्यांत पाणी होतं, तरी हाताने कुंड्यांची रांग सरळ करणं चालूच होतं.

“माझ्या दारातली चांगली टवटवीत आहेत की,” मावशी म्हणाल्या.

“तुमची माती निरोगी असेल हो.”

“कसली निरोगी! गेल्या वर्षी या कुंड्यांतली रोगट माती फेकायला सांगितलीत ना? तीच नेऊन डबे भरले. फुकटची माती कोण सोडतं?”

मावशींचं घर कुंपणापलीकडेच. बाई जवळजवळ पळतच गेल्या. दारात तेलाचे तीन डबे, त्यांत तीन ध्यानं: एक जमिनीवर लोळणारं, एक खुरटं, एक आत्ता कुठे फुलू लागलेलं. तिन्ही ठणठणीत!

“तुम्ही उपटायला लावलेल्यांचेच दाणे मी पेरलेत,” मावशी म्हणाल्या.

“मग बाकीची कुठे आहेत? शंभर तरी प्रकार उपटले असतील आपण!”

“बाकीची शेळीने खाल्ली.”

शेळी कोपऱ्यात निवांत रवंथ करत होती. बाईंना तिचा राग येईना. राग आला तो स्वतःचा, आणि मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी त्यांनी घाईघाईने डबे गोळा करायला हात पुढे केला, तशा मावशी आडव्या आल्या.

“एकच न्या. दोन इथेच राहू देत. तुमचा काही नेम नाही.”

बाईंनी निमूटपणे लोळणाऱ्या रोपाचा डबा उचलला.