कॉपी, पलटी, पेस्ट, झोका

करर्र… पाळण्याची कडी कुरकुरली आणि दुपारची शांतता मोडली. बाळ चुळबुळलं. प्रतीक्षानं उजव्या हातानं दोरी ओढली. डावा हात मात्र समोरच्या कागदावरून उचलला नाही.

कागद म्हणजे जुन्या कॅलेंडरचं पान. त्याच्या पाठीवर तिनं स्केचपेननं अख्खा कीबोर्ड काढला होता. लग्नाआधीच्या कॉम्प्युटर कोर्सची वही माहेराहून पेटीत आली होती. कॉम्प्युटर कुठून येणार? उद्या संग्रामपूरला मोतीरामभाऊंच्या सेवा केंद्रात तिला काम करून दाखवायचं होतं. ‘माउस धरून बसणारे लय पाह्यले,’ ते फोनवर म्हणाले होते. ‘बटनांवर हात चालत असन तं या.’ गेल्या सहा वर्षांत तिला काय येतं, हे कुणी विचारलंच नव्हतं. त्यांनी विचारलं. म्हणून तर जीव गोळा झाला होता.

कंट्रोल आणि सी : कॉपी. ऑल्ट आणि टॅब : दुसरं पान समोर. कंट्रोल आणि व्ही : पेस्ट. सगळी बटणं डाव्या बाजूची, हे केवढं भाग्य! उजवा हात बाळाचा.

पाच वर्षांची संजू उंबऱ्यात बसून हुकूम सोडत होती. “कॉपी! पलटी! पेस्ट!” आणि चौथ्या ठेक्याला, “झोका!”

सासूबाई, जनकाबाई, शेंगा निवडता निवडता म्हणाल्या, “काय वं, कागदावर तबला शिकून राह्यली काय?”

“हाव आत्याबाई. उद्या संग्रामपूरले बैठक हाये.”

“जाय मंग. लेकराचं पाह्यतो मी. पन थे रडलं तं मले तबला नाई येत बाई.” दोघी हसल्या.

दुसऱ्या दिवशी मोतीरामभाऊंनी साठ शेतकऱ्यांची यादी उघडून दिली. “ही नावं त्या तक्त्यात टाका. एकाखाली एक. चहा येईलोक होऊ द्या.”

डावा हात सुरू झाला तो पाण्यासारखा. कॉपी, पलटी, पेस्ट. दहा नावं झाली असं वाटून तिनं तक्त्याकडं पाहिलं, तर तिथं एकच नाव. यादीतलं पहिलंच नाव दहा वेळा एकाच घरात बसलं होतं. खालच्या घरात उतरायचा बाण कीबोर्डच्या उजव्या कोपऱ्यात, आणि उजवा हात? तो टेबलाखाली होता. हवेतच दोरी ओढत होता.

“हाताले काही लागलं काय वैनी?” मोतीरामभाऊंनी वाकून विचारलं.

“नाई भाऊ.” तिचे कान तापले. उठून जावं असं वाटलं. घरी संजू वाट पाहत असेल. तिचा ठेका कानात होताच. प्रतीक्षानं उजवा हात वर घेतला, बोट बाणावर ठेवलं आणि पहिल्या नावापासून परत निघाली. कॉपी, पलटी, पेस्ट… आणि झोक्याच्या जागी बाण, तक्त्यातही आणि परत पलटून यादीतही. दर ठेक्याला नाव एकेक पायरी खाली उतरू लागलं. बाळाला जोजवताना येते तीच लय, ना घाई ना खंड.

चहा आला तेव्हा साठावं नाव बसलं होतं.

“वा!” मोतीरामभाऊ म्हणाले. “उद्यापासून या. दहा ते सहा.”

तिनं भीत भीत विचारलं, “अन काम आंधीच आटोपलं तं?”

“आटोपलं तं दुसरा गठ्ठा हाये नं! लवकर करनाऱ्याले माह्याकडं कामाची कमी नाई.” ते खुशीत हसले. तीही हसली. एसटीत बसल्यावर मात्र तिला ते वाक्य पुन्हा आठवलं, आणि घरापर्यंत सोबत आलं.

जनकाबाई पाळण्याजवळ बसल्या बसल्या पेंगत होत्या, दोरी हातातच. संजू कागदी कीबोर्ड छातीशी धरून धावत आली.

“मम्मी, भेटलं काम?”

“भेटलं.”

“लवकर लवकर केलं तू?”

“हाव. तू शिकवलं तसंच.”

संजूचा चेहरा उजळला. तिनं कागद आईच्या हातात दिला आणि अगदी सरळ हिशेबानं विचारलं, “मंग तू रोज लवकर घरी येशीन नं?”