मुतवल्लीची बायको रेडिओवर

वसफी एफेंदीने पाहुण्यांच्या खोलीतलं सगळं सामान काढून तिथे रेडिओ स्टेशन थाटलं, तेव्हापासून त्याच्या घरी खरे पाहुणे यायचे बंद झाले. यायचे ते गवई, जाहिरातवाले आणि नुसतेच यंत्र बघायला येणारे रिकामटेकडे. आवाज घुमू नये म्हणून भिंतींवर रजया टांगलेल्या, मधल्या टेबलावर मायक्रोफोन, आणि कोपऱ्यात यंत्र. त्यातले काचेचे दिवे लाल झाले की खोली भट्टीसारखी तापायची.

"त्याच्यावर भेंडीचं पातेलं ठेवू का?" इन्साफ, त्याची बायको, स्वयंपाकघरातून विचारायची. "तेवढंच रॉकेल वाचेल."

त्या दिवसांत कैरोमध्ये ज्याच्यापाशी यंत्र आणि घसा होता त्याने स्टेशन काढलं होतं. वसफीचं 'रेडिओ यास्मीन' बाब-अल-शारियाच्या बोळातून बोलायचं. तिकडे नदीकाठी रोद-अल-फरगला बरसूम नावाचा तबकड्यांचा दुकानदार होता, त्याचं 'रेडिओ हिलाल'. दोघांच्या लहरी जवळपास एकच. एकाने तोंड उघडलं की दुसऱ्याचं गाणं खरखरीत बुडून जायचं. लहर आपली आणि चोर समोरचा, याबद्दल दोघांच्याही मनात तिळमात्र शंका नव्हती.

"श्रोतेहो," वसफी मधाळ आवाजात म्हणायचा, "आत्ता गाढवाला चावा बसल्यासारखं जे ऐकू आलं, ती बरसूमची नवी गायिका."

त्यावर बरसूम म्हणायचा, "यास्मीनच्या फुलांच्या वासाने कुणाला मळमळत असेल तर त्यांनी कृपया खिडक्या उघडाव्यात."

कॉफीखान्यातले लोक सोंगट्या खाली ठेवून ऐकायचे. गाण्यांपेक्षा या तोंडपट्ट्यालाच गर्दी जास्त.

वसंतातल्या एका सकाळी वसफी साबणाची जाहिरात संपवून घोटभर कॉफी घेत होता, तेवढ्यात मुतवल्ली जिना चढून आला. मुतवल्लीचं पलीकडच्या गल्लीत तर्बुशांचं, म्हणजे लाल गोंडेदार टोप्यांचं, दुकान. पितळी साच्यांवर वाफ देऊन चुरगळलेले तर्बुश तो असे ताठ करायचा, की डोक्यावर घालणारा माणूसही ताठ चालायला लागे. आज मात्र तो स्वतःच चुरगळलेला दिसत होता.

"वसफी एफेंदी, माझी बायको हरवली."

"अरे देवा! मग पोलिसांत जा की."

"म्हणजे, कुठे आहे ते माहीत आहे. काकांकडे, रोद-अल-फरगला." बायको, नबविया, त्याच्या सख्ख्या काकाचीच मुलगी. लहानपणापासून एकाच अंगणात खेळलेली.

"मग हरवली कशी?"

"परत येत नाही. निरोप धाडला तर काका म्हणाले, झोपली आहे. दुसरा धाडला तर म्हणाले, अजून झोपली आहे."

"भांडलात?"

"नाही हो! तेच तर कळत नाही. परवा रात्री मी रेडिओ ऐकत होतो. ती काहीतरी म्हणाली. मी मान डोलावली. सकाळी उठून बघतो तर घरात नाही."

"काय म्हणाली होती?"

मुतवल्लीने डोळे मिटले, कपाळाला आठ्या घातल्या. "ऊदाच्या तारा झंकारत होत्या," तो म्हणाला. "वादक दुसऱ्यांदा वरच्या पट्टीत गेला होता. तिचं वाक्य नाही आठवत."

आपलं स्टेशन इतकं मन लावून ऐकणारा माणूस पाहून वसफीला आधी आनंद झाला, आणि मग लाज वाटायच्या आत त्याला कल्पना सुचली. काकांच्या बोळातल्या कॉफीखान्यात रेडिओ होताच. निरोप्यांना झोपेची सबब सांगता येते. रेडिओला कोण सांगणार? त्याने मुतवल्लीला खुर्चीत बसवलं, यंत्राचा खटका ओढला, दिवे लाल होईपर्यंत घसा खाकरला, आणि सुरुवात केली.

"हे रोद-अल-फरगच्या कबुतरा! हे नबविया! तुझ्याविना मुतवल्लीचं घरटं ओसाड पडलं आहे. चुलीत राख गार झाली. पातेल्यात कोळी जाळं विणतो आहे. परत ये, की तुझ्या नवऱ्याच्या घशाखाली घास उतरेल!"

खटका खाली पडला तशी इन्साफ दारात येऊन उभी राहिली. हातात भेंडी आणि सुरी.

"तिला बायको म्हणून बोलावताय की स्वयंपाकीण म्हणून?"

"काव्य आहे ते."

"काव्यात तिने भांडीच घासायची का?" एवढं बोलून ती आत गेली.

मुतवल्ली काही दुकानात गेला नाही. रिकाम्या घरी जायचीही त्याची छाती होईना. तो भिंतीच्या रजईला टेकून बसून राहिला, आणि दुपारपर्यंत वसफीने आणखी दोनदा कबुतराला हाका मारल्या. गल्ली तोवर जागी झाली होती. खालून कुणीतरी ओरडलं, "मुतवल्ली, आली का रे?"

बोळातला एकुलता एक टेलिफोन खालच्या औषधांच्या दुकानात होता. दुपारी दुकानदार इलहामी जिन्यात येऊन ओरडला, "वसफी! तुझ्या वैऱ्याचा फोन!"

बरसूम आजवर फोनवर कधी बोलला नव्हता. शिव्या फुकट हवेतून पोचत असताना फोन कशाला करायचा?

"बाई माझ्याकडे येऊन बसली आहे," बरसूम म्हणाला. "वडिलांबरोबर आली. म्हणते, तो रेडिओवरून बोलला, मीही रेडिओवरूनच बोलणार. तू जरा तुझं यंत्र बंद ठेव."

"का म्हणून? माझा ऊदवाला बसलाय इथे."

"तुझा ऊदवाला मेला तरी चालेल. बाई रडकुंडीला आली आहे."

"ही गोष्ट माझी आहे, बरसूम! सकाळपासून मी रंगवली आणि तू आयत्या पिठावर रेघोट्या मारतोस?"

त्याने फोन आपटला आणि दोन-दोन पायऱ्या चढत वर आला. ऊदवाला खरं तर केव्हाच जेवायला गेला होता. पण तबकडी होती. ढोलांची, चांगली दणदणीत. बरसूमने तोंड उघडलं की ती लावायची, की संपलं. त्याने तबकडी चढवली, चावी दिली आणि खटक्याकडे हात नेला.

खटक्यापाशी इन्साफ उभी होती.

"बाजूला हो."

"ती बोलणार आहे. फोनमधलं ऐकून इलहामीने गल्लीला ओरडून सांगितलं, ते मला आतपर्यंत आलं."

"अगं, बरसूमच्या स्टेशनवरून बोलणार आहे!"

"कुठूनही बोलू दे. तुम्ही गप्प बसा."

लग्नाला इतकी वर्षं झाली, पण इन्साफच्या तोंडून हे शब्द असे शांतपणे आलेले वसफीने ऐकले नव्हते. ती चिडून बोलली असती तर त्याने उलट उत्तर दिलं असतं. त्याने तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि हात मागे घेतला. मग ती पदराला हात पुसत निवेदकाच्या खुर्चीत बसली आणि शेजारचा ऐकायचा रेडिओ तिने स्वतःच लावला.

आधी थोडी खरखर झाली. मग एका बाईचा आवाज आला. घोगरा, जरासा घाबरलेला, पण खणखणीत.

"मुतवल्ली, ऐकतोयस का? ऐकतच असशील. रेडिओवर आहे ना मी."

खालच्या कॉफीखान्यात हशा पिकला. तो खिडकीतून वर आला. मुतवल्ली भिंतीपासून सरकून रेडिओपाशी आला.

"थंडीच्या सुरुवातीला तू ती रेडिओची पेटी घरी आणलीस, तेव्हापासून आपण दोघं बोललो नाही. मी बोलले, तू नाही. माझी दाढ काढली. गाल एवढा सुजला होता. शेजारीण विचारायला आली, दूधवाला विचारून गेला. तू काय म्हणालास? 'जरा आवाज मोठा कर.' मांजराने तुझ्या मोठ्या साच्यात पिल्लं घातली, ते मी सांगितलं. तू मान डोलावलीस. दुसऱ्या दिवशी दुकानातून ओरडत आलास, की साच्यात पिल्लं कुणी ठेवली!"

हसता हसता कुणाचा तरी पेला फुटला. मुतवल्लीचे कान त्याच्या तर्बुशाइतके लाल झाले होते.

"हसा, हसा," नबविया म्हणाली. जणू तिलाही ते ऐकू जात होतं. "मीही हसले असते. पण परवा मला आई स्वप्नात आली. ती गेल्यापासून पहिल्यांदा. माझी आई, मुतवल्ली. तुझी काकू. मी उठून बसले, अख्खा दिवस ते मनात धरून ठेवलं, की हा घरी आला की सांगेन. दुसरं कोण आहे मला, जो तिला ओळखत होता? तू आलास, पेटीला कान लावलास. मी म्हटलं, आई आली होती. तू बोट वर केलंस. असं. गप्प राहा म्हणून." तिने नाक ओढलं. "मी निघून जाते म्हटलं, तर मान डोलावलीस. मग मी गेले. आता तू बोल. मी ऐकते."

खाली कुणी हसलं नाही.

मग बरसूमचा आवाज आला. "रेडिओ हिलाल थोडा वेळ थांबत आहे. श्रोतेहो, आता ऐका... रेडिओ यास्मीन." पुढे एकही शिवी नव्हती. वसफीला चुकल्यासारखंच झालं.

पण वेळ दवडून चालणार नव्हतं. त्याने खटका ओढला, मुतवल्लीला मायक्रोफोनपुढे लोटलं आणि त्याच्या हातात एक कागद कोंबला. ती बोलत असतानाच त्याने चार ओळी खरडल्या होत्या.

"हे माझ्या... डोळ्यांच्या काजळा," मुतवल्लीने वाचलं. "विरहाच्या वाळवंटात..." आणि तो थांबला.

थांबला तो थांबलाच. यंत्र गुणगुणत होतं, दिवे तापले होते, आणि हवेतून सगळ्या कैरोला ऐकू जात होती नुसती शांतता. वसफीच्या अंगाला घाम फुटला. रेडिओवाल्याला शांततेसारखी दुसरी भीती नाही. तो हातवारे करू लागला, ओठ हलवू लागला, शेवटी स्वतःच मायक्रोफोनकडे झुकला. इन्साफने त्याची बाही धरून मागे ओढलं.

"नबविया," मुतवल्ली म्हणाला. कागद त्याने गुडघ्यावर ठेवला होता. "काकू कुठे बसली होती? स्वप्नात?"

तेवढंच. त्याने वर पाहिलं. वसफीला कळायला क्षणभर वेळ लागला. मग त्याने झटकन खटका पाडला, तिला उत्तर देता यावं म्हणून.

तिघंही रेडिओवर वाकली.

"गच्चीवर," नबवियाचा आवाज आला. मघाचा खणखणीतपणा त्यात नव्हता. "कबुतरांच्या खुराड्यापाशी. पुढ्यात डाळिंबांची परडी. अंगात तो हिरवा झगा, तू ज्याला बेडकाचा झगा म्हणायचास. मला म्हणाली, 'ये, बस.' मग म्हणाली, 'तो मुतवल्ली अजून डाळिंबाच्या बिया माझ्या भिंतीवर थुंकतो का गं?' मी तोंड उघडलं आणि जाग आली. उत्तर द्यायचं राहूनच गेलं." मग ती म्हणाली, "तेच तुला विचारायचं होतं. थुंकतोस का अजून?"

वसफीने खटका असा ओढला की त्याचं लाकडी टोक हातात आलं. "बोल!"

मुतवल्लीचे डोळे वाहत होते आणि तो हसतही होता. "नाही," तो मायक्रोफोनमध्ये म्हणाला. "आता गिळतो. तिला सांग. पुन्हा आली तर सांग, मुतवल्ली सुधारला."

खाली कॉफीखान्यात जो गलका झाला, तो यंत्रातून थेट हवेत गेला. तो ओसरला, खटका पडला, तेव्हा नबविया बोलत होती. "...उरलेलं घरी सांगेन. सगळ्या कैरोला कशाला? आणि तू ये मला न्यायला. एकटी नाही यायची मी."

मुतवल्ली तर्बुश न घालताच जिना उतरला. तर्बुशवाला बोडक्या डोक्याने रस्त्यावर आलेला गल्लीने प्रथमच पाहिला. कॉफीखान्याच्या मालकाने घोडागाडी थांबवून त्याला आत ढकललं आणि गाडीवाल्याला बजावलं, "उडव!"

दिवस कलता कलता वसफी आपण होऊन खाली गेला आणि त्याने बरसूमला फोन लावला.

"पोचला का तो?"

"पोचला. माझ्या दुकानातच दोघं बोलत बसली होती. सासऱ्याने शेवटी हाताला धरून उठवली." बरसूम खाकरला. "वसफी, बाईचा आवाज ऐकलास ना? मी तिला रोज दुपारी बोलायला बोलावलंय. बायकांसाठी. ती हो म्हणाली, आणि मुतवल्लीही. म्हणाला, मग मला ऐकावंच लागेल."

वसफीने कपाळावर हात मारला. कबुतराला सकाळपासून हाका मारल्या त्याने, आणि ते जाऊन बसलं बरसूमच्या खांद्यावर. "चोर आहेस तू."

"आहे. पण ती बोलत असेल तेव्हा तू बंद राहशील का?"

वसफीने जरा विचार केला. "राहीन. आणि माझ्या सकाळच्या ऊदाच्या वेळी तू?"

"राहीन. पण तोंडपट्टा थांबवायचा नाही हं. संध्याकाळी दोघांनी सुरू ठेवायचा. लोक त्याच्यासाठीच ऐकतात."

"तुझ्यासारख्या गेंगाण्याला कोण ऐकतंय?" वसफी म्हणाला, आणि दोघांनी समाधानाने फोन ठेवला.

तो वर आला तेव्हा इन्साफने जेवण वाढलं होतं. संध्याकाळचा कार्यक्रम सुरू व्हायची वेळ होत आली होती. ऊदवाला परत येऊन तारा जुळवत होता. वसफी उभ्या उभ्याच भाकरीचा तुकडा मोडणार होता. मग त्याने बायकोकडे पाहिलं, आणि ती खटक्यापाशी उभी होती तेव्हाचा तिचा चेहरा त्याला आठवला.

"इन्साफ," तो म्हणाला, "असं काही आहे का, की तू सांगितलंस आणि मी ऐकलं नाही?"

ती भेंडी वाढता वाढता थांबली. खरंच विचारतोय की काव्य करतोय, हे तिने नीट पाहून घेतलं.

"आहे," ती म्हणाली. "पण उभ्याने ऐकण्यासारखं नाही."

वसफी खाली बसला. पलीकडच्या खोलीत ऊदवाल्याने दोनदा खाकरून पाहिलं. खाली कॉफीखान्यात लोकांनी शिट्ट्या मारल्या, मग टेबलं बडवली, मग कुणीतरी मोठ्याने विचारलं की रेडिओ यास्मीन मेलं की काय. वसफी हलला नाही.

इन्साफने त्याच्या पुढ्यात भाकरी सरकवली, स्वतः समोर मांडी घातली आणि म्हणाली, "मागच्या ईदपासून सुरू करते."