गोळी मरत का न्हाय?

“मिस्त्री, ही गोळी मरत का न्हाय आज?”

म्हाळसाबाईंनी बटणांवरचे हात काढून सिद्धप्पाकडे संशयाने पाहिलं. भवानी पेठेत त्यांचं घोंगड्यांचं दुकान आणि सिद्धप्पाचा गाळा शेजारी शेजारी. पॉवरलूमची दुरुस्ती कमी होत गेली, तसा तो जत्रेसाठी पिनबॉलची मशिनं करू लागला होता. उतरती फळी, वर काच, स्प्रिंगने उडणारी लोखंडी गोळी आणि ती परतवायला खाली बटणांनी हलणाऱ्या दोन पट्ट्या, म्हणजे फटके. फटका चुकला की गोळी मधल्या भोकात जायची, म्हणजे मेली.

नव्या मशीनवर पहिला डाव म्हाळसाबाईंचा. हरून त्यांनी पुन्हा गोळी मागितली, की मशीन जमलं. गोळी थोडक्यात हुकावी आणि चूक आपलीच वाटावी, मग माणूस जागचा हलत नाही, असं सिद्धप्पाचं साधं शास्त्र होतं.

उन्हाळ्यात बाईंचा बिरुदेव मोहोळजवळ ट्रकखाली गेला. एकुलता एक पोरगा. काही दिवसांनी त्या दुकानात बसू लागल्या, मग मशीनपाशीही आल्या. त्यांची गोळी भोकात जाताना बघणं सिद्धप्पाच्या जिवावर आलं. त्याने फळीखाली तार लावून एक काळी खुंटी बसवली. तार ओढली की खुंटी भोकाच्या तोंडाशी वर यायची आणि गोळी आपटून माघारी फिरायची.

“बिगडलंय का मशीन?”

“न्हाय की. तुमचा हात बसलाय.”

“माजा हात मला ठाव न्हाय व्हय?”

बाईंनी पुन्हा गोळी उडवली. या वेळी त्यांनी बटणांना हातच लावला नाही. गोळी घरंगळत सरळ भोकाकडे आली आणि टक्क करून परत वर गेली.

बाई आता काचेकडे बघतच नव्हत्या.

“मिस्त्री, हात वर करा.”

सिद्धप्पाने एकच हात वर केला. बाईंनी वाकून फळीखाली बघितलं. तार त्याच्या बोटाला गुंडाळलेली होती.

“तुमी बी?” त्या स्टुलावर बसल्या. “भाजीवाली माप वाढवून घालती. गिऱ्हाईक घासाघीस करंना. जाऊ जल्मभर भांडली, ती बी आता ताई ताई करती. सगळी जपत्यात मला. आन् कुणी जपलं की त्यो गेलाय ह्ये मला नव्यानं कळतंय. हितं वाटलं हुतं, गोळीला तरी काय ठाव न्हाय.”

सिद्धप्पाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याने पक्कड घेतली, त्यांच्यादेखत तार तोडली आणि खुंटी उपटून काढली.

बाई उठल्या. गोळी उडाली, कडेला आपटली, डाव्या फटक्याला चाटून भोकात गेली.

सिद्धप्पाने पक्कड खाली ठेवली.

“उशिरा मारला तुमी.”

“डोळं फुटलं का तुमचं? उतार वाकडा केलाय!”

“उतार सरळ हाय. हात वाकडा हाय तुमचा.”

“माजा हात वाकडा?”

“लई वाकडा.”

रस्त्याने जाणारी दोन माणसं थांबली. पोरगा गेलेल्या बाईशी असं बोलतात का, म्हणून त्यांच्यातला एकजण सिद्धप्पावर खेकसला. सिद्धप्पाचे डोळे भरून आले होते. तरी तो मागे न बघता बाईंशी भांडत राहिला.