पॉइंट कोणाच्या नावावर

मटार सोलता सोलता लिफ्ट-निरीक्षकाने दाणे कचऱ्याच्या ढिगात टाकले आणि टरफलं पातेल्यात. बायकोने पाहिलं नाही. तिचा चष्मा दुरुस्तीला गेला होता, त्यामुळे आज प्रश्न विचारायचं काम तिचं आणि वाचायचं त्याचं.

"मग कोणाचं सभासद व्हायचं?" तिने फोन त्याच्यापुढे सरकवला. "निळ्या विमानवाल्यांचं की लाल?"

त्याला बढती मिळाली होती. सोमवारपासून दर आठवड्याला नव्या शहरात जाऊन तिथल्या लिफ्ट तपासायच्या, आणि जायचं विमानाने. ऑफिसने एवढंच विचारलं होतं की कुठल्या कंपनीची सभासद योजना घेणार. सगळी तिकिटं त्याच कंपनीची काढू, म्हणजे प्रवासाचे पॉइंट एका जागी साठतील आणि त्यांवर पुढे फुकट तिकीट मिळेल. आजवर कंबरदुखी, खिडकीतली हिरवळ, स्टेशनवरचा चहा अशी नाना कारणं सांगून त्याने आगगाडीवर भागवलं होतं. खरं कारण असं की त्याला विमानाची भीती वाटे; नुसतं डोक्यावरून गेलं तरी तो आडोशाला सरके. अधांतरी लटकलेल्या माणसाला कशाने धरलंय हे बघण्यात त्याची हयात गेली होती. लिफ्टचा एक दोर तुटला तर दुसरे असतात, तेही तुटले तर रुळांना घट्ट पकडणारा ब्रेक असतो. विमानाखाली काय असतं? हवा.

"निळ्यांचे पॉइंट पटापट साठतात म्हणे," ती म्हणाली. "पण घरच्यांना वापरता येतात का, तेवढं बघा. मला त्याच्याशी मतलब."

मुलगी समुद्रापलीकडे होती आणि तिला तिसरा महिना होता. जावई बोटीवर, तो घरी कधी असेल याचा भरवसा नाही. तिकिटाचा आकडा ऐकून दोघांनी बायकोने बाळंतपणाला तिकडे जाण्याचा विषय बंद केला होता. या पॉइंटांनी तो परत उघडला.

त्याने वाचलं. निळ्यांचे पॉइंट ज्याचा प्रवास त्यालाच. लाल कंपनीचे सावकाश साठत, पण नवरा, बायको, मुलं, कोणालाही चालत.

स्वतःचं त्याने ठरवून टाकलं होतं: डोळे मिटायचे, खुर्चीचे हात धरायचे, उतरेपर्यंत सोडायचे नाहीत. पण आता त्या खुर्चीत त्याला ती दिसली. एकटी, मांडीवर पर्स, पट्टा नीट लागलाय का हे कोणाला विचारावं ते न कळून इकडेतिकडे बघणारी. तिच्या खुर्चीखालीही हवाच.

"नाही चालत," तो म्हणाला.

"कोणाचेच?"

"कोणाचेच. तसा नियमच आहे."

तिने वाद घातला नाही. घातला असता तर त्याला बरं वाटलं असतं. तिने फोन उचलला आणि मुलीला लावला.

"अगं, माझं यायचं काही जमत नाही बघ... छे गं, रडायचं काय त्यात? ती खालच्या मजल्यावरची बाई आहे ना, तिला आत्तापासून सांगून ठेव. रात्रीबेरात्री दार वाजवलं तर उठेल ना ती?"

आवाज तिने हसरा ठेवला होता. मोकळा हात मात्र पातेल्यातली टरफलं एकेक चाचपून बाहेर काढत होता.

"थांब," तो म्हणाला. "थांबायला सांग तिला. मी चुकीचं वाचलं."

"तुम्ही? चुकीचं?"

"लालवाल्यांचे चालतात घरच्यांना."

तिने फोन छातीशी धरला आणि त्याच्याकडे बघत राहिली. चष्म्याशिवायही तिला त्याच्या कपाळावरचा घाम दिसला असावा.

"तिकडे जाणारं विमानही त्यांचंच?" त्याने विचारलं.

"हो तर."

"तुझं तिकीट होईपर्यंत मला कितीदा जावं लागेल?"

"दर आठवड्याला. पार तिचे दिवस भरत येईपर्यंत. का हो?"

दुरुस्त झालेल्या लिफ्टमध्ये तो आधी कोणालाही चढू देत नसे. मालक असो की मेकॅनिक, सगळ्यांना दाराबाहेर उभं करायचा आणि एकटा आत शिरायचा. तळापासून वरच्या मजल्यापर्यंत कान देऊन जायचा, तसाच खाली यायचा, आणि मग बाजूला सरकून म्हणायचा, या.

"लाल," तो म्हणाला. मुलीशी बोलून झाल्यावर तिने दिलेल्या फोनवर अर्ज भरताना त्याचं नाव दोनदा चुकलं. "आणि सोमवारची जागा खिडकीची मागतो. पंखाजवळची."

"कशाला? तुम्हाला तर गच्चीवरूनही खाली बघवत नाही."

"बघायचंय," तो म्हणाला. "नीट बघून घ्यायचंय मला."