ब्रिंगचं दुसरं रूप

“ब्रिंग,” काकूंनी सुरुवात केली. खुर्चीतल्या नवऱ्याकडे न बघता, मांडीवरच्या शर्टाला काज करत. “ब्रँग. ब्रंग.”

सरांचा डावा हात खुर्चीच्या दांड्यावर आपटला. “ब्रॉट!”

“अगं बाई, चुकलंच की माझं. परत सांगा बरं.”

“ब्रॉट. ब्रॉट.” दुसऱ्यांदा शब्द जरा घसरला, पण आवाज तोच. याच खोलीत दाटीवाटीने बसलेल्या पोरांना चिडीचूप करणारा. काकूंनी मान खाली घातली. दोऱ्याला गाठ मारायची होती, पण सुईच दिसेना.

अर्धांगाचा झटका आल्यापासून सरांची वाचा गेली होती. उभं आयुष्य इंग्रजीच्या शिकवण्या घेण्यात गेलेलं. एक क्रियापद घ्यायचं आणि अख्ख्या वर्गाकडून त्याला सगळ्या काळांमधून फिरवून आणायचं, ही त्यांची पद्धत. पोरांच्या त्या घोषाला आतल्या खोलीतून काकूंच्या शिलाई मशीनची साथ असे. मधलं दार ओलांडून त्या वर्गात कधी बसल्या नाहीत. नवीन लग्न झालेलं असताना एकदा म्हणाल्या होत्या, “मलाही शिकवा की.” तर सर हसले होते. “कशाला? तू भांडतेस ते मला आहे त्या भाषेत कळतं, तेवढं पुरे.”

आता भांडायलाही कोणी नव्हतं.

“काकू, त्यांच्याशी बोलत राहा. काहीही बोला,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. काहीही म्हणजे तरी किती? भाजीचे भाव झाले, शेजारणीची सून झाली. सर छताकडे बघत राहत. रोज सकाळी हात जोडताना काकू एवढंच मागत: देवा, एक शब्द. रागाचा असला तरी चालेल.

आणि एका दुपारी आत मशीन चालवता चालवता सवयीने तोंडात आलं ते त्या गुणगुणल्या. सिंग, सँग, संगची चाल त्यांनी ब्रिंगला लावली. बाहेरून गर्जना आली, “ब्रॉट!” शिवण तशीच टाकून काकू धावल्या होत्या.

बरोबर उत्तर त्यांना त्याच दिवशी पाठ झालं होतं. पण बरोबर म्हटलं की सर गप्प बसत. म्हणून त्या रोज न चुकता चुकत.

“बाबा काही बोलतात का गं?” मुलाने फोनवर विचारलं.

“बोलतात ना. रागावतात माझ्यावर.”

“तुझ्यावर? आता काय केलंस?”

“अभ्यास करत नाही मी.”

मुलगा हसला. “दे त्यांना फोन.”

काकूंनी फोन सरांच्या कानाशी धरला. मुलगा बोलत राहिला, हाका मारत राहिला. सर छताकडे बघत होते. थोड्या वेळाने पलीकडून हलकेच आवाज आला, “राहू दे, आई.”

पुढे पुढे सरांचा हात आपटायचा थांबला. शब्द यायला वेळ लागू लागला. काकू सुई अर्ध्यावर धरून वाट बघत. येतो, येतो म्हणता यायचा. आला की त्यांचा दिवस पार पडायचा.

त्या दिवशी सरांना पुसून, धुतलेला सदरा घालून काकूंनी खुर्चीत बसवलं आणि सुई हातात घेतली.

“ब्रिंग. ब्रँग.”

सर त्यांच्याकडे बघत राहिले. ओठ हलले.

“ब्रँग,” ते म्हणाले. नव्याने वर्गात आलेलं पोर म्हणेल तसं, जपून. आणि बरोबर आलं का, म्हणून काकूंच्या तोंडाकडे बघू लागले.

काकूंनी शर्टाची घडी घातली. भिंतीशी उभं करून ठेवलेलं बाक ओढलं, पदराने त्यावरची धूळ पुसली आणि त्या सरांच्या समोर बसल्या.

“नाही हो,” त्या म्हणाल्या. “ब्रॉट.”

“ब्रॉट.”

“शाबास. आता पुढचं. आय शल ब्रिंग.”

“आय शल...” सर अडले.

काकू थांबल्या. अडलेल्या पोरासाठी सरही असेच थांबायचे, घाई न करता. तेव्हा तेवढ्या शांततेत आतलं मशीन ऐकू यायचं.

आज आत कोणी नव्हतं.