गुळाच्या वासाचं बाळ

मावळातल्या तिकोणा पेठ गावात आमच्या दारात चपलांचा ढीग लागला होता. माणसं रांगेनं आत येऊन आठवड्याच्या पोराचं डोकं हुंगत होती. बाळाला वास येत होता गुळाच्या करपलेल्या पाकाचा, लोणावळ्यात चिक्कीच्या कारखान्यावरून जाताना येतो तसा. मी, सविता, या घरची थोरली सून. सांगतानाही मान खाली जाते.

पाळण्याशेजारी कुठूनसे आलेले महाराज ठाण मांडून होते. "नैवेद्याचा सुगंध आहे हा. देव उतरलाय."

"पन त्यो अंगावर प्येत न्हाई," बाळाची आई, माझी धाकटी जाऊ रेणुका म्हणाली. "कालपास्नं रडला बी न्हाई."

"जो स्वतःच नैवेद्य, त्याला दुधाची काय गरज? समाधी लागलीय. बारशापर्यंत उंबरा ओलांडायचा नाही."

स्वतः महाराज मात्र शिरा दोनदा मागून घेत होते. त्यांची समाधी जेवण झाल्यावर लागायची.

रेणुकानं ओली लंगोटी त्यांच्या नाकापुढं धरली. "मग मुताला बी त्योच वास कसा? ह्यो बी परसाद का?"

महाराज मागे सरकले. सासूबाई कडाडल्या, "पयलं खाल्लंस, आता ह्ये बी खातीस का?"

पहिलं बाळही असंच दूध सोडून गेलं होतं. तेव्हा रेणुका चिक्कीच्या कारखान्यात पाक ढवळायची. बाळाला येणारा वास तिच्या साड्यांचा, असं घरानं ठरवून टाकलं. यंदा तिनं काम कधीच सोडलं होतं, म्हणून तोच वास देवाचा झाला.

मी बाळ उचललं. उंबऱ्यात सासरे आडवे उभे होते. "मामंजी, बाजूला व्हा," म्हटलं आणि रेणुकाला मागं बसवून स्कूटर काढली.

लोणावळ्याच्या डॉक्टर शुभदांनी बाळाच्या कानातला मळ हुंगला, त्यालाही तोच वास, आणि लगेच पुण्याला पाठवलं. तिथं दूध बंद केलं, यंत्रानं रक्त धुतलं. बाळ वाचलं. मेंदूला किती इजा झालीय, ते मोठं झाल्यावरच कळेल.

महाराज लोकांनी वाहिलेल्या नारळांचं पोतं घेऊन केव्हाच पसार झाले होते.

पुढं डॉक्टर शुभदांनी सासूबाईंना समजावलं, "आजी, दुधातल्या प्रथिनांपासून शरीरात काही घटक बनतात. ते मोडायला एक विकर, म्हणजे एन्झाइम, लागतं. याच्या शरीरात ते काम करत नाही. घटक साठतात, मेंदूला विषारी ठरतात. हा वास त्यांचाच."

"म्हंजी खोट आईची?"

"दोघांची. अर्धी तुमच्या मुलाकडून आलीय. पण गुन्हा कुणाचाच नाही."

सासूबाईंनी रेणुकापुढं हात जोडले. रेणुका म्हणाली, "पयल्याला बी ह्योच वास येत हुता, आत्या."



बाबांनो, लेकरू दूध पीत नसेल तर त्याला हुंगत बसू नका, आधी दवाखाना गाठा. देव असेलच, तर तेवढ्यानं रागावणार नाही.